पायरीवरची फुली

शनिवार हा पायऱ्यांचा दिवस. बाल्टिमोरच्या बंदरालगतच्या त्या गल्लीत हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. विटांची अरुंद घरं एकमेकांना चिकटून उभी, आणि प्रत्येक दाराशी पांढऱ्या संगमरवराच्या तीन पायऱ्या. घरात आजारपण असो, नवरा कामावरून कमी झालेला असो, शनिवारी सकाळी पायऱ्या दुधासारख्या दिसल्याच पाहिजेत. लेओकादिया, जिला सगळी गल्ली लोजा म्हणायची, परकरी वयापासून हे करत आली होती. आधी आईच्या पायऱ्या, मग लग्न झाल्यावर त्याच ओळीत स्वतःच्या. आता नवरा तेओफिल जाऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे वाकताना बोलायला लागले होते, तरी गोणपाटाची घडी, बादली, पांढरी पावडर आणि वज्री घेऊन ती शनिवारी बाहेर यायचीच.

त्या शनिवारी वरच्या पायरीवर तिला एक फुली दिसली. निळी, तेलकट खडूने काढलेली.

"पोला, तुझ्या पायरीवर आहे का गं हे?"

शेजारच्या दाराशी तिची धाकटी बहीण पोला आधीच गुडघ्यांवर बसली होती. "काय ते?"

"निळं. फुलीसारखं."

"आहे की. पोरांनी केलं असेल."

"पोरं एवढ्या सरळ रेघा मारतात होय?"

"मग फादरनी मारल्या असतील! घास आणि मोकळी हो. मला सूप चढवायचंय."

लोजाने पावडर ओतली आणि वज्रीने घासायला घेतलं. डाग चिवट होता, पण तिने बालपणी डबाबंद फळांच्या कारखान्यात टोमॅटो सोलून सोलून बोटांची सालं काढली होती. असल्या डागाचं तिला काय. फुली गेली. पोलाचीही गेली. ओळीत आणखी चार-पाच घरांवर होत्या, त्याही दुपारपर्यंत गेल्या. मग बायकांनी नेहमीप्रमाणे फुटपाथ धुतला, आणि बादल्यांचं पाणी गटाराकडे वाहून गेलं.

सोमवारी दोन माणसं तिपाई आणि दुर्बीण घेऊन आली. लोजा खिडकीच्या जाळीमागे उभी होती. जाळीवर बाहेरच्या बाजूने लाल छपराचं घर, तळं आणि दोन हंस रंगवलेले; बाहेरच्याला हंस दिसायचे, आतल्याला सगळा रस्ता. ती माणसं पायऱ्यांकडे वाकून पाहत होती, डोकं खाजवत होती, एकमेकांना कागद दाखवत होती. मग त्यांनी खिशातून निळा खडू काढला, आणि तेव्हा लोजाला कळलं की हे रस्त्याचे मोजणीवाले आहेत.

रस्ता येणार, हे ऐकून आता इतकी वर्षं झाली होती की लोक ते हवेबद्दल बोलावं तसं बोलायचे. सहा पदरी, उंच खांबांवरून, बंदराच्या कडेने येणार आणि गल्लीवरून जाणार. चर्चच्या चौकातली छोटी बाग आणि तिच्यातली लिंडनची झाडं पहिल्यांदा जाणार. पालिकेच्या रस्ता-कचेरीने इथलं एक, तिथलं एक असं घर विकत घ्यायला सुरुवात केली होती. विकलेल्या घराच्या दारा-खिडक्यांवर फळ्या ठोकायचे आणि तसंच सोडून द्यायचे. छप्पर गळायला लागायचं, मग शेजारचं घर सर्दावायचं, मग तो शेजारीही विकायचा. भांडायला समोर कुणी नसायचंच. नुसती ओल यायची.

पुढच्या शनिवारी लोजाने पुन्हा पायरी घासली. खरं सांगायचं तर फुलीचा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण शनिवार होता, आणि पायरीवर डाग होता. ती बाजूने घासून मधली जागा सोडणार होती का?

तिसऱ्यांदा हेच झालं तेव्हा कचेरीचं पत्र आलं, शासकीय खुणा जाणूनबुजून नष्ट केल्याबद्दल.

रस्त्याविरुद्धच्या बैठका झिग्मंटच्या दारूच्या दुकानामागच्या खोलीत व्हायच्या, दर गुरुवारी. लोजा सगळ्या बैठकांना जायची. सुरुवातीला खोलीत उभं राहायला जागा नसायची; आता खुर्च्या उरायच्या. पत्रं, सह्या, पुन्हा पत्रं, पालिकेच्या दारात उन्हात उभं राहणं, "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे" हे ऐकून बसने घरी येणं. पण त्या गुरुवारी मिसेस ऑल्डन अगदी फुलल्या होत्या. या बाई उत्तरेकडच्या झाडांच्या, हिरवळीच्या वस्तीतून आलेल्या. त्यांनी कोपऱ्यावरचं एका जुन्या कप्तानाचं घर विकत घेतलं होतं, आणि विटांवर त्यांचं इतकं प्रेम होतं की येता-जाता त्या विटांना हात लावायच्या.

"हा सविनय प्रतिकार आहे!" मिसेस ऑल्डन म्हणाल्या. "किती साधा! किती शूर! ही कल्पना कुणाची?"

सगळ्यांनी लोजाकडे पाहिलं.

"बाई, कल्पना कसली," लोजा म्हणाली. "घाण होती ती."

झिग्मंट इतका हसला की त्याला खोकला आला. "लिहून घ्या," तो म्हणाला. "पालिकेला कळवा, आमच्या लोजाने तुमच्या रस्त्याला घाण म्हटलंय."

वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला तो बुधवारी. लोजाने गुडघ्यांवर बसून पायरी घासत वर बघावं, अशी त्याची इच्छा होती.

"आज बुधवार आहे," लोजा म्हणाली.

"हो, पण फोटोपुरतं—"

"पायऱ्या शनिवारी."

शेवटी मिसेस ऑल्डन स्वतःच बसल्या. त्यांनी भांड्यांचा साबण आणला होता आणि त्या हात गोल गोल फिरवत होत्या. पोला दारात कंबरेवर हात ठेवून बघत होती. "काच पुसतात जणू," ती बहिणीच्या कानाशी म्हणाली. "आता त्या पायरीवरून पोस्टमन घसरणार." फोटो छापून आला, खाली लिहिलं होतं, गल्लीतल्या गृहिणींचा निर्धार, आणि बातमीत लोजाचं नाव होतं. लोजाने तो पेपर टोपलीखाली अंथरला.

दोघी बहिणींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. रोज सकाळी उठल्यावर लोजा झाडूच्या दांड्याने भिंतीवर ठोकायची, पलीकडून पोला ठोकायची. मी उठले. मी पण. लग्नं होऊन दोघी शेजारी राहायला आल्या तेव्हापासूनचं हे. तेओफिल गेला त्या सकाळी लोजाने ठोकलं नाही, तेव्हा पोला तशीच गाऊनवर धावत आली होती.

एका दुपारी मोजणीवाल्यांचा मुकादम दारात आला. डन त्याचं नाव. जाडा, उतारवयाचा, टोपी हातात आणि बूट सैल केलेले. लोजाने त्याला पायरीवर उभं ठेवलं, पण कॉफी दिली.

"बाई, या पायरीवरच्या खुणेवरून आम्ही पुढची उंची मोजतो," तो म्हणाला. "खूण गेली की पार बंदरापासून पुन्हा मोजत यावं लागतं. माझी माणसं आता मला शिव्या देतात."

"मग फुटपाथवर मारा खूण."

"फुटपाथवर चालेल?" त्याचा चेहरा उजळला.

"फुटपाथही शनिवारी धुतो आम्ही," पोला आपल्या दारातून म्हणाली. तिने हे काही खोडी म्हणून सांगितलं नाही. त्याची फसगत होऊ नये एवढंच.

डनने कप पायरीवर ठेवायला हात खाली नेला, मग विचार बदलून हातातच धरला. "एक शनिवार नाही घासलं तर? एकच?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना त्याचं म्हणणं समजून घ्यायचं होतं, पण ते डोक्यात शिरेना.

"लोक काय म्हणतील?" पोला म्हणाली.

"लोक? अहो, इथून रस्ता जाणार आहे! ही पायरीच राहणार नाही."

"म्हणून तोवर घाणेरडी ठेवायची?"

"मग छिन्नीने कोरावं लागेल," तो म्हणाला. "मला आवडत नाही ते, चांगला दगड आहे. पूर्ण ओळीत एकाच पायरीवर, छोटीशीच. कुठल्या घराची, ते तुम्ही सांगा. तुमच्या दोघींत ठरवा."

"खोदायचंय तर खोदा कुठेही," लोजा म्हणाली. "वर आम्हीच जागा दाखवायची?" तिने त्याच्या हातातून कप घेतला आणि दार लावलं. आत येऊन कप विसळताना तिला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी तिने कुणाच्या तोंडावर दार लावलं होतं.

मंगळवारी ती बाजारातून आली तेव्हा पोला दाराबाहेर स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसली होती आणि आपल्या पायऱ्यांकडे बघत होती. पोलाचं घर ओळीच्या टोकाचं, दोन्ही रस्त्यांवरून दिसणारं. मोजणीवाल्यांना तेच सोयीचं पडलं होतं. वरच्या पायरीच्या कोपऱ्यात एक फुली कोरली होती, बोटाच्या पेराएवढी. कडेला दगडाचं पीठ सांडलेलं.

"मी घरात होते," पोला म्हणाली. "मला वाटलं, कुणी दार वाजवतंय."

त्या पायऱ्यांची एक गोष्ट होती, गल्लीत सगळ्यांना ठाऊक असलेली. पोलाच्या घराला आधी लाकडाच्या पायऱ्या होत्या, ओळीत एकट्या त्याच घराला, आणि सासू येता-जाता ते बोलून दाखवायची. मग पोलाच्या आता हयात नसलेल्या नवऱ्याने, वालेंतीने, गोदीवर रात्रपाळ्या करून हे तीन दगड आणले. घोडागाडीवरून, गवतात गुंडाळून. ज्या दिवशी ते बसवले त्या दिवशी पोलाने कुणालाच त्यांवर पाय ठेवू दिला नव्हता. पाहुणे मागच्या दाराने आत आले.

"एवढीशी तर आहे," लोजा म्हणाली.

पोलाने वाकून दगडाचं पीठ हाताने झाडलं.

शनिवारी पोलाने इतर कामं बाजूला ठेवून ती पायरीच धरली. पावडर फुलीच्या खाचेत जाऊन बसायची, वाळली की पांढरी दिसायची, आणि संध्याकाळी गल्लीतली धूळ बसून तीच खाच काळी व्हायची. पोला पुन्हा बादली घेऊन यायची. लोजा तिला दोनदा आत ये म्हणाली.

"निघत नाही गं," पोला म्हणाली. "मला माहितीये निघत नाही ते. तू जा."

रविवारी चर्चनंतर पोलाचा मुलगा रोमेक जेवायला आला. तो पोलादाच्या कारखान्यात फोरमन होता, शहराबाहेर नव्या वस्तीत राहायचा आणि कामावर स्वतःला रे म्हणवून घ्यायचा. गेली दोन वर्षं त्याचं एकच पालुपद होतं, आई, विकून टाक आणि माझ्याकडे ये. टेबलावर कोबी आणि सॉसेज होतं, खसखशीचा रोल होता.

"मावशी, पेपरात तुझं नाव वाचलं," तो म्हणाला. "कारखान्यात पोरं विचारतात, तुझी मावशी रस्ता अडवणार म्हणे वज्रीने? म्हटलं, तुम्ही तिला ओळखत नाही. बुलडोझर आला तर त्यालाही आधी पाय पुसायला लावेल."

"पुसावेच लागतील," लोजा म्हणाली.

"करते मी सही," पोला म्हणाली.

तिच्या हातात काटा होता आणि ती ताटाकडे बघत होती. रोमेक हसता हसता थांबला. इतके दिवस तो हेच मागत होता, पण ते असं, जेवताना, कोबीच्या घासाबरोबर येईल असं त्यालाही वाटलं नसावं.

तो गाडी वळवायला बाहेर गेला तेव्हा लोजा बहिणीजवळ मोरीशी उभी राहिली. ताटं तशीच होती.

"एवढ्याशा ओरखड्यासाठी?"

"ओरखड्यासाठी नाही."

"मग कशासाठी? आपण म्हटलं होतं, दोघी राहू. तू गेलीस तर हे घर फळ्या मारून टाकतील. मग माझी भिंत—"

"तुझी भिंत," पोला म्हणाली. मग तिने नळ बंद केला. "लोजा, मी दमले गं. तू भांडणावर जगतेस, तुला ते सोसतं. मी गुरुवारी बैठकीला जाते ते तू जातेस म्हणून. मी घरी येते आणि मला झोप लागत नाही. आता रोज दार उघडलं की ती फुली. रोज. मला असं वाटतं, त्यांनी मला वजा केलंय, आणि मी उगाच उभी आहे इथे."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून तू काय केलं असतंस? अजून एक पत्र लिहिलं असतंस."

लोजाला त्या मुकादमाला दिलेलं उत्तर आठवलं. खोदायचंय तर खोदा कुठेही. तिने माझ्या पायरीवर मारा म्हटलं असतं तर? ते तिने तेव्हा म्हटलं नाही आणि आताही बोलली नाही. तिने ताट उचललं आणि पुसायला घेतलं.

पोला लिंडनला फुलं येण्याच्या सुमारास गेली. रोमेकने भाड्याचा ट्रक आणला होता. शेवटची वस्तू म्हणून पोलाने बादली ठेवली. "आई, ही कशाला?" रोमेक म्हणाला. "तिथे सिमेंटच्या दोन पायऱ्या आहेत, त्यांना घासायचं काय?" पोलाने बादली मांडीवर घेतली आणि पुढच्या सीटवर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोजाने उठून झाडूच्या दांड्याने भिंतीवर ठोकलं, आणि हात तसाच वर राहिला. पुढे बरेच दिवस तिच्या हातून हे होत राहिलं.

कचेरीची माणसं येऊन फळ्या ठोकून गेली. पहिल्या हिवाळ्यातच पलीकडच्या छपरातून पाणी आत आलं असावं. लोजाच्या जिन्याच्या भिंतीवर, बरोबर ती जिथे ठोकायची तिथे, ओलीचा डाग उठला. तिने तिथे मरियमचं चित्र लावलं. चित्राच्या मागून कागद सुटायला लागला तेव्हा ते काढून घेतलं.

शनिवारी ती आपल्या पायऱ्या झाल्या की बादलीत नवीन पाणी भरून पोलाच्या पायऱ्यांकडे जायची. झिग्मंट दुकानाच्या दारातून ओरडायचा, "अगं लोजा, पालिकेचं घर आहे ते आता! पालिकेला बिल पाठव!"

"पाठवते. तुझ्या दारूच्या बिलाबरोबर."

फुलीतली माती ती केसांतल्या पिनेने काढायची. तो वेळ तिला मोठा वाटायचा. खाली मान घालून, एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर वजन घेत, चार बारीक खाचा साफ करायच्या. कधीकधी तिला त्या जाड्या मुकादमाचा राग यायचा, पण तो टिकायचा नाही. हात थरथरू न देता, सरळ, नीट काम केलं होतं त्याने.

शाळेच्या सभागृहात मोठी सुनावणी झाली. मिसेस ऑल्डननी लोजाचं नाव दिलं होतं. "तुम्ही पायऱ्यांबद्दल सांगा," त्या म्हणाल्या. "कशा तुम्ही निर्धाराने खुणा पुसल्यात ते. लोकांना ते आवडतं." लोजाने चर्चला जायची टोपी घातली होती. समोर लांब टेबलामागे साहेब लोक बसले होते, त्यातला एक पाणी पिऊन पिऊन कंटाळलेला. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि तिला पायऱ्यांबद्दल काही सांगावंसं वाटेना.

"माझ्या शेजारच्या घराचं छप्पर गळतंय," ती म्हणाली. "ते घर माझ्या बहिणीचं होतं, आता तुमचं आहे. त्याचं पाणी माझ्या भिंतीत येतं. मी तीनदा कळवलं. रस्ता कराल तेव्हा कराल. पण तोवर ते छप्पर कोण दुरुस्त करणार?"

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. पाणी पिणाऱ्या साहेबाने शेजारच्याकडे पाहिलं. "हा विषय आजच्या कामकाजात येत नाही," तो म्हणाला. "पण नोंद घेतली आहे."

"धन्यवाद," लोजा म्हणाली आणि खाली बसली. मिसेस ऑल्डननी तिचा हात दाबला. बसमध्ये परत येताना लोजा झोपली आणि तिचा थांबा गेला.

रस्ता झाला नाही. तो न होण्यालाही काही वर्षं लागली. कोर्टकचेऱ्या झाल्या, पैसे संपले, वरचे साहेब बदलले. शेवटी एक दिवस पेपरच्या आतल्या पानावर बातमी आली, की बंदराकाठचा टप्पा रद्द. झिग्मंटने त्या संध्याकाळी सगळ्यांना फुकट बिअर पाजली. मिसेस ऑल्डन रडल्या आणि त्यांनी खोलीच्या विटांच्या भिंतीला हात लावला. लोजा खुर्चीवर बसून बघत होती. जी माणसं पहिल्या वर्षी इथे उभी होती त्यांतली अर्धी आता नव्हती. काही गेलेली, बाकीची पोलासारखी सिमेंटच्या पायऱ्यांच्या वस्तीत. "लोजा, जिंकलो की आपण, तोंड का असं?" झिग्मंटने विचारलं.

"कंबर दुखतेय," ती म्हणाली. ते खरंही होतं.

घरी येऊन तिने पोलाला फोन केला.

"ऐकलं मी," पोला म्हणाली. "रोमेकने सांगितलं. मग आता?"

"आता पालिका घरं परत विकणार आहे. जुन्या मालकांना आधी विचारणार. पोला, तुला विचारणार."

पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला. "बघायला येईन," पोला म्हणाली.

त्या आठवड्यात लोजाने रात्रंदिवस मनातल्या मनात पोलाचं घर लावलं. स्वयंपाकघर इथे, पलंग खालच्या खोलीत, म्हणजे जिना नको. छपराचं काम रोमेकच्या ओळखीचा कुणीतरी करेल. तिने ओलीच्या जागी हात ठेवून पाहिलं. ही भिंत वाळेल, असं तिला वाटलं, पलीकडे शेगडी पेटली की वाळेल.

पोला आली ती काठी घेऊन. रोमेकने फळी काढलेल्या दारातून आधी स्वतः आत जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन नाकावर रुमाल धरला. "मावशी, आत जाऊ नकोस म्हणावं तिला," तो हळूच म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. पण पोला गेली. जिन्याच्या चार पायऱ्या चढली आणि थांबली. वरचं छत खाली आलं होतं, कबुतरं उडाली. स्वयंपाकघरात तिने मोरीचा नळ फिरवून पाहिला. तो नुसता गोल फिरला.

मग ती बाहेर येऊन वरच्या पायरीवर बसली. लोजा तिच्या शेजारी बसली. कितीतरी वर्षांत त्या अशा बसल्या नव्हत्या. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पूर्वी सगळी गल्लीच अशी बाहेर बसायची, उकडलेल्या खेकड्यांच्या मसाल्याचा वास यायचा, वालेंती आणि तेओफिल शर्ट काढून बिअर प्यायचे.

"तू घासतेस ही," पोला म्हणाली.

"शनिवारी."

पोलाने फुलीवर बोट फिरवलं. "आतूनही साफ करतेस?"

"पिनेने."

"मला सुचलं नव्हतं." ती जराशी हसली. "लोजा, मी नाही येऊ शकत गं."

"भाड्याने माणूस लावू. छप्पर—"

"छपराचं नाही. मला तो जिना चढवत नाही. आणि तिकडे मला आता झोप लागते." तिने बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला, जो लोजाने इतकी वर्षं दगडावर टेकला होता त्या गुडघ्यावर. "तू थांबलीस. ते बरं केलंस. माझ्यावर रागावू नकोस."

"त्या माणसाने मला विचारलं होतं, कुणाच्या पायरीवर," लोजा म्हणाली. "मी माझी दाखवायला हवी होती."

"मी तिथेच उभी होते की. मीपण कुठे म्हटलं, माझ्या पायरीवर मारा?" पोलाने काठी हातात घेतली. "चल, रोमेक गाडीत खोळंबलाय. कॉफी तरी देशील की नाही?"

घर एका तरुण नवरा-बायकोने घेतलं. दुसऱ्या राज्यातून आलेले, दाढीवाला नवरा इस्पितळात नोकरीला. त्यांनी छप्पर घातलं, खिडक्या बसवल्या, आणि एका सकाळी भिंतीवर ठोकण्याचा आवाज आला.

लोजा जिन्याशी उभी होती. काही कळायच्या आत तिने झाडू उलटा धरून दोनदा ठोकलं.

पलीकडचा आवाज थांबला. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. दाढीवाला तिथे हातोडी घेऊन उभा होता, चेहरा ओशाळलेला.

"माफ करा, फार सकाळी झालं का? मी फोटो टांगत होतो. त्रास झाला तुम्हाला."

"नाही, नाही," लोजा म्हणाली. "ठोका तुम्ही. काही त्रास नाही."

"नक्की ना?"

"नक्की." तो जायला वळला तेव्हा तिला राहवलं नाही. "आणि हे बघा, पायऱ्या शनिवारी घासतात इथे. पावडरने. साबण नको, घसरायला होतं."

"हो का? छान! नक्की करू," तो मनापासून म्हणाला.

शनिवारी ते दोघं गाडी काढून कुठेतरी समुद्रावर गेले. लोजाने आपल्या पायऱ्या केल्या. मग बादली रिकामी करून नवीन पाणी भरलं, गोणपाट उचललं आणि शेजारी गेली. वरच्या पायरीवर रंगकामातलं काहीतरी चिकट सांडलं होतं. ते आधी काढावं लागलं. मग तिने केसांतली पीन काढली. उद्या रविवार, चर्चनंतर पोलाचा फोन येईल आणि ती विचारेल, घासलीस का. लोजा एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर वजन घेत खाली वाकली आणि पहिल्या खाचेतली माती काढायला लागली.